‘सुई दिली की खाडा’: ऊसतोड टोळी, गोवराची लस आणि धारूरहून आलेला आवाज

ऊसतोड मजुरांच्या एका कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात लिंबाचा ताजा डहाळा खोवलेला दिसला, म्हणून आमच्या आशाताई थांबल्या. डिसेंबर २०२२ चा दुसरा आठवडा होता. पंढरपूर तालुक्यात भीमेच्या पट्ट्यात आमचं उपकेंद्र आहे. तिथून अडीच किलोमीटरवर एका पडीक रानात सोळा कोप्या पडल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. मोठी माणसं पहाटे चारलाच फडात गेली होती. मागे होत्या दोन म्हाताऱ्या, झोळीतली लेकरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरी.

“आत कोण आहे ओ आजी?”

“कुनी न्हाई. लेकरू निजलंय.”

आशाताईंनी पुन्हा विचारलं नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “म्याडम, त्या कोपीत गोवर निघालाय बघा. पण सांगणार न्हाईत ते.”

मी त्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. त्या दिवशी आम्ही नऊ महिने ते पाच वर्षांच्या तेरा मुलांची यादी केली, चौघांना लस दिली आणि उरलेल्या नऊ जणांपुढे ‘नकार’ लिहून परत आलो. तो शब्द चुकीचा होता. हे कळायला मला सहा दिवस लागले, आणि त्या सहा दिवसांसाठीच हे प्रकरण लिहून काढते आहे.

टोळी

सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि तो तोडायला माणसं येतात ती बहुतेक मराठवाड्यातून. आमच्या शिवारात उतरलेली टोळी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत तोडणी करायची असते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही की खाडा. खाड्याला कापायची रक्कम टोळीटोळीत वेगळी. या टोळीत कोयत्यामागे दिवसाला पाचशे रुपये होती. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं.

त्या वर्षी गाळप १५ ऑक्टोबरपासून सुरू झालं होतं, पण टोळ्या खऱ्या अर्थाने आल्या त्या दिवाळीनंतर. आणि ४ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी. यात्रेच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातला प्रत्येक आरोग्य कर्मचारी पंढरपुरात असतो: पाण्याचे नमुने, प्रथमोपचार केंद्रं, रात्रपाळ्या. रानात नव्या कोप्या कधी पडल्या, हे बघायला गावात कुणी उरतच नाही. आम्ही तिकडे गेलो तेव्हा माणसं येऊन महिना उलटला होता, आणि आम्ही त्यांना एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. पहिल्यांदा गेलो ते थेट सुई घेऊन.

त्याच सुमारास मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराचा उद्रेक चालू होता. मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. राज्याने डिसेंबरात विशेष लसीकरण मोहीम लावली, दुसरा टप्पा जानेवारीत ठेवला. स्थलांतरित वस्त्या आधी घ्या, अशा सूचना होत्या. गोवर हवेतून पसरतो, आणि पुरळ उठण्याआधी चार दिवस व नंतर चार दिवस रोगी तो दुसऱ्याला देऊ शकतो. सोळा कोप्या एकमेकींना चिकटून, पाण्याचा एकच हौद आणि दिवसभर एकत्र खेळणारी पोरं अशी ती वस्ती होती. हे डोळ्यांपुढे असल्यामुळे मला घाई झाली होती.

आमचा अंदाज

मी धरून चालले होते की अफवा पसरली आहे. पुरावाही मिळाला. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर एक आवाजी मेसेज आला होता: मुंबईत पोरं गोवराने नाही, लशीने गेली. कारखान्यावर गाड्यांची रांग लागते, तिथे ड्रायव्हर रात्र काढतात. एकाचा मोबाईल दुसऱ्याकडे फिरतो. तिथून तो मेसेज टोळीत आला होता.

मग आम्ही काय केलं? अफवेला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी जाऊन चुलीपाशी बसलेल्या बायकांना तो मेसेज कसा खोटा आहे ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकीने चहा दिला. “बरं बरं, बघू,” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या, तेव्हाही “बघू”. कुणी भांडलं नाही की मेसेजची बाजू घेतली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांच्या मनात तो मेसेज नव्हताच.

माहिती टोळीत कुठून कुठून येते हे पुढे मी नीट विचारत गेले. कामाचं, पैशाचं, मुक्काम हलवण्याचं मुकादमाकडून. कारखान्यावरचं ड्रायव्हरकडून. औषधाचं गावातल्या मेडिकलवाल्याकडून, कारण तो रात्री नऊलाही शटर अर्धं उघडून गोळी देतो. बायकांचं बायकांकडून, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायला गावात जाताना आणि हौदावर धुणं धुताना. आणि लेकराबाळांचं सगळं गावाकडून, फोनवर. आम्ही या कुठल्याच वाटेवर नव्हतो. आम्ही गाडीतून उतरत होतो आणि गाडीत बसून जात होतो.

थोरलीने सांगितलं ते

सहाव्या दिवशी मी एकटीच गेले, सुईचा डबा न घेता. टोळीतली एक थोरली बाई, पन्नाशीच्या आतली पण चेहऱ्याने साठीची, भाकरी थापत होती. तिच्याशेजारी बसले. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग परातीतून हात न काढता बोलली.

“ताई, तुमचं समदं खरं असंल. पर गेल्या साली हिकडंच, दुसऱ्या कारखान्यावर, माझ्या सुनंच्या लेकराला सुई दिली. दीड महिन्याचं व्हतं. सिस्टर म्हनल्या, काय व्हत न्हाई, घेऊन जा. रातीच्याला ताप आला. दोन रात्री रडतंय नुसतं. सून दोन दिस फडात गेली न्हाई. दोन खाडं. मंग जीप करून खाजगीत नेलं, त्यानं सलाईन लावली. किती झालं आसंल? अडीच हजार. आन ज्या सिस्टरनी सुई दिली त्या पुन्यांदा आल्याच न्हाईत. कामून येतील?”

मी विचारलं, “मग टोळीत काय ठरलं?”

“ठरायचं काय त्यात? सुई दिली की खाडा.”

दीड महिन्याला देतात ती पाच रोगांवरची पेंटाव्हॅलेंट लस असते, आणि तिने त्या रात्री बऱ्याच बाळांना ताप येतो. तो अपेक्षित ताप असतो, पॅरासिटामॉलने उतरतो, एक-दोन दिवसांत जातो. हे सांगणं प्रत्येक सिस्टरच्या प्रशिक्षणात आहे. पण घाईच्या दिवशी, पन्नासावं लेकरू समोर असताना, “काही होत नाही” हेच तोंडातून निघतं. माझ्याही तोंडातून निघालेलं आहे.

म्हणजे टोळीकडे जी माहिती होती ती खरी होती. अनुभवाने तपासलेली होती, पैशात मोजलेली होती. अपुरी होती ती आमची माहिती. ड्रायव्हरच्या मोबाईलवरचा मेसेज त्यांनी ऐकला आणि सोडूनही दिला. पण “सुई दिली की खाडा” हे त्यांनी सोडलं नव्हतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. गैरसमज दूर करायचा, असं आम्ही कामाला नाव दिलं होतं. इथे दूर करण्यासारखा गैरसमज होताच कुठे?

थोरली पुढे जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. “आन डॉक्टरचं ऐकत न्हाई आसं नगा म्हनू. ऐकलं म्हून तर माझी पिशवी काढली. बत्तिशीत व्हते. पोटात दुखतंय म्हनून गेले, तर म्हनला पिशवी खराब झालीया, कॅन्सर व्हईल. कर्ज काढून केलं. दुखायचं ऱ्हायलं का? कंबर गेली ती गेलीच.”

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. शासनाच्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हे आकडे मी वाचले होते, प्रशिक्षणात ऐकले होते. पण लशीच्या यादीत ‘नकार’ लिहिताना समोरची बाई त्या आकड्यांतली असू शकते, हे मनात आलं नव्हतं. या बायकांनी डॉक्टरांवर विश्वास कमी ठेवला असं नाही, उलट पुरा ठेवला. त्यांना भीती घालून सांगितलं गेलं, ते त्यांनी मानलं, आणि त्याची किंमत त्या रोज मोळी उचलताना मोजतात. तिथे मी जाऊन “गोवराने मूल दगावू शकतं” असं सांगत होते. वाक्य खरं आहे. पण त्यांच्या कानाला ते “कॅन्सर व्हईल” सारखंच लागत असणार.

फोन

वाट मी शोधली नाही. ती थोरलीच्या सुनेने काढली. तिच्या कडेवर तेच बाळ होतं, आता सव्वा वर्षाचं. मी तिला पोराचं लसीचं कार्ड विचारलं. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत होतं, बहुतेकींचं तसंच असतं. मग ती म्हणाली, “थांबा, आमच्या आशाताईला इचारते.”

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि चुलीजवळच्या वैरणीच्या मोळीवर ठेवला. पलीकडून धारूरच्या आशाताई बोलू लागल्या. आधी त्यांनी विचारलं, उचल किती फिटली, सासऱ्याचा खोकला कसा आहे, रान कसं आहे. लस पाचव्या मिनिटाला आली.

“थांब, रजिस्टर काढते. हां. तुझ्या बाळूचं गोवरचं पहिलं राह्यलंय बघ. नऊ महिन्यांचा झाला तवा तू गडबडीत व्हतीस. मी दोनदा आलते, कुलूप व्हतं.”

“मंग देऊ का हितं?”

“दे गं. कुठं बी दिली तरी लस तीच हाय. मांडीला न्हाई, दंडाला देतील. ताप त्याच राती येत न्हाई त्या सुईनं. आठ-दहा दिसांनी जरा कणकण आली तर आली. घाबरू नगं, गोळी दे, अंगावर पाज. आन कोण हाय तिथं, सिस्टर हायेत का? त्यांना द्या फोन.”

मी फोन घेतला. आम्ही दोघी एकमेकींना कधी भेटलो नव्हतो. अर्ध्या तासात तिने नऊच्या नऊ मुलांची नोंद वाचून दाखवली. तिघांचे दोन्ही डोस झालेले होते, म्हणजे त्यांच्या आया “घरी दिलंय” म्हणत होत्या ते सरळ खरं होतं. चौघांचा एकेक झालेला. दोघांचा एकही नाही. त्या दोघांत एक थोरलीचा नातू आणि दुसरी लिंबाचा डहाळा असलेल्या कोपीतली अडीच वर्षांची मुलगी.

मूल पूर्ण संरक्षित झालं की आशाला पहिल्या वर्षासाठी शंभर आणि दुसऱ्या वर्षासाठी पंच्याहत्तर रुपये मिळतात. या अर्ध्या तासाच्या फोनचा एक रुपयाही तिला मिळणार नव्हता. तरी तिने एकेका आईला बोलावून घेतलं, एकेकीशी बोलली.

फोनवरचं हे बोलणं मी नंतर मनात पुन्हा पुन्हा उगाळलं. तिने सांगितलेल्यातलं एकही वाक्य मला माहीत नव्हतं असं नाही. पण ताप कधी येईल हे तिने न विचारता सांगितलं. आणि ऐकणारीला ठाऊक होतं की चैत्रात गावी गेल्यावर हीच बाई दारात उभी असणार. काही वाईट झालं तर तिला जाब विचारता येईल. मला कुठे विचारणार होत्या?

मुकादम आणि रात्रीची लस

तापाचा प्रश्न सुटला तरी खाड्याचा उरलाच होता. त्यावर बोलायचं तर मुकादमाशी बोलायला हवं. आमच्यातले पुष्कळ जण मुकादमाला टाळतात, आणि का टाळतात तेही मला कळतं. पण त्याच्यावरही कारखान्याकडून घेतलेल्या पैशाचा बोजा असतो. मी म्हटलं, “मामा, गोवर सगळ्या कोप्यांत शिरला तर किती कोयते बसतील?” तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तापाचा खाडा न्हाई धरणार. पर एकानं तरी फडात यायला पायजे. बाई ऱ्हाऊ द्या लेकरापाशी.” अर्धा कोयता म्हणजे अर्धीच मजुरी, हे त्यात होतंच. मला ते पुरेसं वाटलं नाही. पण बायकांना ते चाललं. त्यांचा निर्णय होता, मी वाद घातला नाही.

आणि वेळ बदलली. अकराला जाऊन टोळीत कोण भेटणार? संध्याकाळी साडेसातला गेलो. वरिष्ठांकडून परवानगी घेतली, व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बर्फाचे पॅक भरले. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकायची. चार मुलांसाठी कुपी फोडायची का, असं सिस्टरांच्या मनात आलं. नियम स्पष्ट आहे, एका मुलासाठीही फोडायची. सिस्टरांनी कुपीवर वेळ लिहिली: ७.५०.

उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा. आया रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. चुली पेटलेल्या होत्या, एकेक जण भाकरी उलथून येत होती. लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. दवाखान्यात तो अर्धा तास कुणाला नको असतो, इथे तो जेवणातच गेला. आम्हालाही ताट आलं: भाकरी, ठेचा, वांग्याचं कालवण. सिस्टर सहसा बाहेर जेवत नाहीत, त्या दिवशी जेवल्या. प्रत्येक आईला पॅरासिटामॉलची बाटली दिली, वजनाप्रमाणे किती द्यायचं त्याची खूण झाकणावर पेनाने करून. माझा नंबर दिला आणि सांगितलं की आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी मीच फोन करीन. तिन्ही दिवशी केला. दोघांना कणकण आली. खाडा एकही पडला नाही.

पाच मुलांना लस द्यायची होती, चौघांना मिळाली. पाचवा मुलगा, चार वर्षांचा, एक डोस झालेला. त्याचे आई-बाप दोनच दिवसांपूर्वी मुकादमाशी बिनसून माढा तालुक्यातल्या दुसऱ्या टोळीत निघून गेले होते. माझे सहा दिवस थोडे कमी लागले असते तर तो सापडला असता.

डहाळ्याची कोपी

त्या कोपीत आम्ही फोननंतर गेलो, धारूरच्या आशाताईंनी आईशी बोलल्यावर. मुलगी पडून होती. डोळे लाल, नाक वाहतंय, अंगभर पुरळ आणि तो उतरणीला लागलेला. उशाशी लिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, बाहेरच्या माणसाची सावली नको. गोवर देवीचा आहे, तो पूर्ण बाहेर निघाला पाहिजे; सुई दिली तर आत जिरतो आणि लेकराला खातो, अशी समजूत. गोवर निघालेल्या, ताप असलेल्या मुलाला आम्हीही त्या वेळी लस देत नाही. तेच सांगितलं: “हिला आत्ता सुई देणार नाही.” आईचे खांदे खाली आले, एवढ्या जवळून दिसलं.

व्हिटॅमिन ए चा डोस त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तोंडाने. गोवरात डोळे जातात ते याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, म्हणून तो लागतोच. लिंबाचा पाला मी काढायला सांगितला नाही. पाणी, पेज, अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगितलं, श्वास कसा मोजायचा ते आईला दाखवलं आणि पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात कधी न्यायचं ते. रक्ताचा नमुना घेऊन पाठवला. मुलगी बरी झाली. आईने लपवलं होतं ते आजाराच्या लाजेने नाही. टोळीतून बाहेर काढतील, उचल अंगावर राहील, ही तिला धास्ती होती.

जे राहून गेलं

जानेवारीत दुसऱ्या टप्प्याच्या आधीच टोळी हलली, पस्तीस किलोमीटरवर. आम्ही पुढच्या उपकेंद्राला यादी पाठवली: नाव, वय, बापाचं नाव, गाव. धारूरच्या आशाताईंचा नंबर त्या यादीत नव्हता. आमच्या तक्त्यात तो रकानाच नाही, आणि मलाही समासात लिहावा असं सुचलं नाही. तिथल्या सिस्टर सकाळी अकराला गेल्या. दोन म्हाताऱ्या आणि झोळीतली लेकरं. त्यांनी काय लिहिलं असेल ते मला न विचारता कळतं. थोरलीच्या सुनेने मात्र मला फोन केला, तेव्हा मी तिथल्या सिस्टरांचा नंबर तिला दिला आणि तिचा त्यांना. बाळूचा दुसरा डोस मात्र तेवढ्यात नको. तो सोळा महिन्यांनंतरचा, गावीच घ्यायचा होता.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक टोळीत मी पहिल्या भेटीला वहीच घेऊन जाते. प्रत्येक आईला विचारते, गावाकडच्या आशाताईंचा नंबर आहे का. बहुतेकींकडे पाठ असतो.

मार्च २०२३ च्या शेवटी धारूरहून फोन आला. टोळ्या परतत होत्या.

“ताई, त्या माढ्याकडं गेलेल्या पोराचं तुमच्याकडं झालं व्हतं का? माझ्याकडं दुसऱ्या डोसचा रकाना मोकळा हाय.”

मी म्हटलं, नाही झालं.

“बरं. परवा येतायत ते. मंग मी सिस्टरकडून देऊन घेते.”